पडद्याचा कार्यभार : फर्मवेअरकडून ग्राफिक्स ड्रायव्हरकडे

२०२२ सालच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकास यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा येथे एका संगणक-प्रयोगशाळेत दोन दिवस काढावे लागले. तेथील यंत्रांवर लिनक्स ही कार्यप्रणाली नुकतीच बसविण्यात आली होती. बाकीची यंत्रे सुरळीत चालू झाली. एक मात्र कळ दाबल्यावर उत्पादकाची मुद्रा पडद्यावर दाखवी आणि तेथेच थांबून राही. अर्धा तास वाट पाहूनही ती मुद्रा हलेना. यंत्र बिघडले असे सर्वांचे मत पडले आणि ते दुरुस्तीस पाठविण्याची भाषाही सुरू झाली. तथापि एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की कॅप्स लॉकची कळ दाबली म्हणजे तिचा दिवा लागतो, पुन्हा दाबली म्हणजे विझतो. यंत्र खरोखर अडकलेले असते तर असे घडते ना. शेजारच्या यंत्रावरून नेटवर्कमार्गे आत शिरून पाहता उलगडा झाला : कार्यप्रणाली पूर्णपणे चालू होती, तिची सर्व कामे यथास्थित होत होती, केवळ पडद्याला कोणी धनी उरलेला नव्हता. पहिल्या धन्याचा ताबा सुटला होता आणि दुसऱ्याला तो घेता आला नव्हता.

हा प्रकार विरळा नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रणालीचा विचार होतो तेव्हा प्रक्रिया, स्मृती, फाइलरचना यांना पुष्कळ पाने मिळतात. पडद्याच्या ताब्याचे हे संक्रमण मात्र बहुधा एका वाक्यात उरकले जाते. वस्तुतः एकाच साधनावर दोन परस्परांना अनोळखी अशा कार्यक्रमांनी पाठोपाठ अधिकार गाजवावयाचा, आणि मधल्या क्षणी ते साधन बेवारस राहू द्यावयाचे नाही, हा प्रश्न सैद्धांतिक दृष्ट्याही लहान नाही.

प्रथम पडदा म्हणजे काय ते पाहू. आपणांस दिसणारे चित्र हे स्मृतीच्या एका सलग पट्ट्यात साठविलेले असते. त्या पट्ट्यास फ्रेमबफर म्हणतात. १९२० × १०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूस चार बाइट दिले तर हा पट्टा ८२,९४,४०० बाइटांचा होतो. ग्राफिक्स कार्डातील एक यंत्रणा हा पट्टा सेकंदास ६० वेळा, म्हणजे सुमारे ४९ कोटी ७७ लक्ष बाइट दर सेकंदास, वाचून पडद्याकडे धाडीत असते. या यंत्रणेस मुख्य प्रक्रियकाची गरज लागत नाही. पट्ट्यात नवे कोणी काही लिहो वा न लिहो, ती जुनेच चित्र अखंड वाचीत राहते. दारव्ह्याच्या यंत्रावरील ती मुद्रा अर्धा तास टिकली ती यामुळेच. आपण जिवंत चित्र पाहत आहोत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते निघून गेलेल्या माणसाने फळ्यावर लिहून ठेवलेले अक्षर असते.

आता त्या पट्ट्यावर प्रथम कोण लिहितो? यंत्रास वीज मिळताच मंडलावरील चिपमध्ये कायम वस्तीस असलेले फर्मवेअर जागे होते. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.पासून पुढे दीर्घकाळ हे काम बायोस करी. पडद्यासंबंधीच्या तिच्या सेवा इंटरप्ट १० (षोडशमान पद्धतीतील) या एकाच दारातून मिळत. १९८७ साली व्ही.जी.ए. आले, वेसा या संस्थेने १९८९ मध्ये त्याच दारास जोडून विस्तारित सेवांचा एक संकेत ठरविला आणि १९९४ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने सलग फ्रेमबफर उपलब्ध करून दिला. परंतु या सर्व सेवा १६ बिटी 'रिअल मोड'साठी लिहिलेल्या होत्या. ३२ बिटी संरक्षित अवस्थेत गेलेल्या कार्यप्रणालीस त्यांतील बहुतेकांना सरळ हाक मारता येत नसे. म्हणून लिनक्सच्या वेसाएफबी या ड्रायव्हराने एक साधी तोड काढली : संरक्षित अवस्थेत शिरण्यापूर्वीच बायोसकडून हवी ती चित्रमिती ठरवून घ्यावयाची आणि पुढे शेवटपर्यंत तीच चालवावयाची. एकदा उंबरठा ओलांडला की मागे वळून विचारण्याची सोय नाही.

बायोसची जागा पुढे यूईएफआयने घेतली. इंटेलने इटॅनियम यंत्रांसाठी आखलेल्या ई.एफ.आय.चे हे विकसित रूप होय; त्याचा कारभार २००५ पासून यूईएफआय फोरमकडे आहे. यात पडद्यासाठी 'ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल' नावाची सेवा असून, उपलब्ध मिती विचारणे, त्यांतील एक ठरविणे व आयताकार चित्रखंड हलविणे एवढी तीनच कामे तिच्याकडे सोपविलेली आहेत. शिवाय ती एक माहितीपत्रक देते : फ्रेमबफरचा आरंभीचा पत्ता, त्याचा आकार, आडवे व उभे बिंदू, रंगांची मांडणी, आणि एका ओळीसाठी स्मृतीत प्रत्यक्ष किती बिंदूंची जागा राखली आहे तो आकडा. हा शेवटचा आकडा अभ्यासकांनी उपेक्षू नये. १३६६ बिंदू रुंदीच्या पडद्याची एक ओळ ५४६४ बाइटांची होते. पण कार्डास ६४ च्या पटीत जागा हवी असेल तर ओळ ५५०४ बाइटांची, म्हणजे १३७६ बिंदूंची, धरली जाते. ड्रायव्हराने १३६६ हाच आकडा धरून लिहिले तर प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा दहा बिंदूंनी सरकते आणि सारे चित्र तिरपे होऊन वाचता येत नाही. इंटेल प्रक्रियकाच्या पहिल्या मॅक यंत्रांसाठी, २००६ च्या सुमारास, लिनक्समध्ये यंत्रांच्या नावांपुढे फ्रेमबफरचा पत्ता व ओळीची लांबी लिहिलेले एक कोष्टकच ठेवावे लागले होते.

या व्यवस्थेतील कळीचा क्षण म्हणजे 'एक्झिट बूट सर्व्हिसेस' ही हाक. कार्यप्रणालीने ती दिली की फर्मवेअरच्या आरंभकालीन सेवा संपुष्टात येतात. वेळ सांगणे, यंत्र पुन्हा सुरू करणे, काही नोंदी सांभाळणे अशा मोजक्या सेवा शिल्लक राहतात. ग्राफिक्सची सेवा त्यांत नाही. फ्रेमबफर जागच्या जागी असतो, कार्डाची यंत्रणा तो वाचीत असते, परंतु मिती बदलून देणारा मात्र गेलेला असतो.

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीचा व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला कार्यभार सोपविणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जाणारा आणि येणारा असे दोघे समोरासमोर बसतात, नोंदवह्या व किल्ल्या मोजून घेतल्या जातात, कार्यभाराच्या कागदावर दोघांच्याही सह्या होतात. पडद्याच्या हस्तांतरात अशी समोरासमोर भेट कधीच होत नाही. फर्मवेअर निघून जाते तेव्हा खरा ग्राफिक्स ड्रायव्हर अजून डिस्कवरून उचललाही गेलेला नसतो. जाणाऱ्याने टेबलावर ठेवलेली एक चिठ्ठी तेवढी उरते. लिनक्समध्ये ती 'स्क्रीन इन्फो' नावाच्या संरचनेत जतन केली जाते. मधल्या काळापुरता त्या चिठ्ठीच्या आधारे कोणी तरी प्रभारी नेमावा लागतो. वेसाएफबी, ईएफआयएफबी आणि अलीकडचा सिंपलडीआरएम हे सर्व प्रभारीच होत. दिलेल्या पट्ट्यावर लिहिणे एवढेच त्यांना येते. मिती बदलणे, दुसरा पडदा जोडणे, वीज वाचविणे हे त्यांच्या अधिकाराबाहेरचे आहे. आरंभी 'नोमोडसेट' हा शब्द देऊन यंत्र चालू केले म्हणजे आपण याच प्रभाऱ्याला कायम करतो. त्यामुळे बायोस परत कामाला लागते अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते. ती बरोबर नाही.

कायमचा अधिकारी आला म्हणजे प्रभाऱ्याने बाजूला व्हावयाचे, हे सांगावयास सोपे आहे. अडचण अशी की प्रभाऱ्याला आपण कोणत्या कार्डाच्या पट्ट्यावर लिहीत आहोत हे नीटसे ठाऊकच नसते. त्याच्यापाशी फक्त पत्ता असतो. आलेल्या ड्रायव्हरापाशी कार्ड असते. दोघांत समान अशी गोष्ट एकच : स्मृतीतील पत्त्यांचा पट्टा. म्हणून सुमारे २००९-१० पासून लिनक्समध्ये अशी रीत पडली की नव्या ड्रायव्हराने आपल्या कार्डाचा पट्टा जाहीर करावा, आणि ज्या कोणा जुन्या ड्रायव्हराचा पट्टा त्यावर येत असेल त्यास काढून टाकावे. शेताच्या बांधावरून हक्क ठरवावा तसा हा प्रकार आहे; मालकाचे नाव ठाऊक नसले तरी गट तोच असल्याचे कळते.

याच्याही पूर्वीची स्थिती फार गोंधळाची होती. २००९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२९ मध्ये इंटेलच्या कार्डांसाठी चित्रमिती ठरविण्याचे काम गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, आले. तोपर्यंत ते काम एक्स सर्व्हर हा गाभ्याबाहेरचा कार्यक्रम करीत असे, आणि त्यासाठी काही वेळा तो बायोसचीच जुनी आज्ञावली अनुकरणाने चालवून पाही. गाभ्याचा मजकूर-पडदा एकीकडे, फ्रेमबफर ड्रायव्हर दुसरीकडे, एक्स सर्व्हर तिसरीकडे. असे तीन कारभारी एकाच कार्डाची बटणे फिरवीत. गाभ्यावर प्राणसंकट आले असता त्याचा शेवटचा संदेश दाखविण्याचीही सोय राहत नसे, कारण त्या वेळी पडदा दुसऱ्याच्या हाती असे.

पट्ट्यावरून हक्क ठरविण्याच्या रीतीतही एक छिद्र राहून गेले होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत बोधक भाग तोच आहे. जुन्या फ्रेमबफर-पद्धतीत उपयोजक कार्यक्रमांना तो पट्टा थेट आपल्या पत्त्यांत जोडून घेता येई. आता ड्रायव्हर काढून टाकला तरी ज्या कार्यक्रमाने पट्टा जोडून घेतला आहे त्याचे काय? त्याच्या हातची किल्ली कोणी परत घेतलेली नसते. नवा ड्रायव्हर त्या स्मृतीचा दुसराच विनियोग करू लागतो आणि जुना कार्यक्रम मात्र तेथे बिंदू लिहीतच राहतो. २०२१ साली लिनक्स ५.१४ मध्ये आलेल्या सिंपलडीआरएमने, जो थॉमस झिमरमन यांनी लिहिला, हा प्रश्न मुळातून सोडविला. यात उपयोजक कार्यक्रमाला खरा पट्टा कधीच दिला जात नाही. त्यास सामान्य स्मृतीत एक प्रतिपट्टा मिळतो. त्यावर तो लिहितो, आणि बदललेला भाग खऱ्या पट्ट्यात नेण्याचे काम ड्रायव्हर स्वतः करतो. ड्रायव्हर काढला की नक्कल करणे थांबते एवढेच. कार्यक्रमाच्या हातात राहतो तो निरुपद्रवी प्रतिपट्टा. फर्मवेअरचा पडदा हे अशा रीतीने केव्हाही उपटून काढता येण्याजोगे, यूएसबीच्या साधनासारखे, एक साधन बनले. मे २०२२ मधील फेडोरा ३६ ने जुने प्रभारी बाजूस सारून हीच व्यवस्था स्वीकारली.

कालक्रमाचा प्रश्न निराळा. क्वचित कायमचा ड्रायव्हर आधी हजर होई आणि प्रभारी मागाहून येई. मग प्रभारी आपल्या जुन्या चिठ्ठीवर विसंबून, ताबा गेलेल्या पट्ट्यावर हक्क सांगू लागे. २०२२ मध्ये त्यावर उपाय झाला : पहिला खरा ड्रायव्हर येताच प्रभाऱ्याची नेमणूकच यापुढे बंद करावयाची.

आता दारव्ह्याच्या यंत्राकडे वळू. तेथे दूरस्थ प्रवेशाने नोंदी वाचल्या तेव्हा क्रम असा दिसला. ग्राफिक्स ड्रायव्हर आला. त्याने प्रभाऱ्यास काढले. मग कार्डात भरावयाची आज्ञावली-फाइल मागितली. ती मिळाली नाही, उणे दोन हा त्रुटी-अंक परत आला. आणि ड्रायव्हराने आपला प्रारंभ रद्द केला. (ही आज्ञावलीदेखील फर्मवेअर याच नावाने ओळखली जाते. यंत्राचे फर्मवेअर वेगळे व कार्डाचे वेगळे. एकाच शब्दाने दोन वस्तूंचा निर्देश होत असल्याने नोंदी वाचताना नवशिक्याची हमखास फसगत होते.) गंमत अशी की ती फाइल डिस्कवर होती. परंतु ड्रायव्हर जागा झाला तेव्हा डिस्क अद्याप जोडलेली नव्हती. स्मृतीत उतरविलेल्या आरंभिक फाइलसंग्रहातून सर्व काम चालले होते, आणि तो संग्रह तयार करताना ती फाइल त्यात घालण्याचे आमच्याकडून राहून गेले होते. संग्रह पुन्हा बांधला आणि पाच मिनिटांत पडदा हलता झाला.

चूक आमची होती हे खरे. पण व्यवस्थेचा दोष त्यामुळे झाकला जात नाही. येणाऱ्याने आपली सिद्धता तपासण्यापूर्वीच जाणाऱ्याला घालवून दिले, आणि मग आपणही पाठ फिरविली. प्रभारी असता तर निदान त्रुटीचा संदेश पडद्यावर वाचता आला असता. प्रभाऱ्याला आधी घालविण्यास कारण आहे : नवा ड्रायव्हर कार्डाच्या अंतर्गत रचनेत हात घालीत असता दुसऱ्या कोणी त्या पट्ट्यावर लिहिणे धोक्याचे असते. तथापि फाइल आहे की नाही हे पाहण्यासाठी कार्डास स्पर्श करावा लागत नाही. अशी तपासणी आधी उरकून घेता येते. २०२३ मधील लिनक्स ६.३ च्या सुमारास एएमडीच्या कार्डांसाठी असलेल्या ड्रायव्हरात नेमका हाच फेरबदल झाला. आवश्यक फाइली प्रथम गोळा करावयाच्या, आणि त्या हाती आल्यावरच जुन्या पडद्यास निरोप द्यावयाचा. ओळींचा क्रम बदलण्यापलीकडे यात फारसे काही नाही, पण त्यासाठी इतकी वर्षे जावी लागली.

विंडोजने या बाबतीत अधिक दूरदृष्टी दाखविली असे म्हणावयास हरकत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून तेथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर' हा प्रभारी आहे, आणि ताबा घेण्याबरोबरच तो परत देण्याचीही रीत कराराने घालून दिलेली आहे. कायमच्या ड्रायव्हरास थांबविले असता त्याने पडदा चालू स्थितीत ठेवून त्याची रुंदी, उंची, ओळीची लांबी व रंगांची मांडणी प्रणालीस कळवावयाची असते. ती चिठ्ठी घेऊन प्रभारी पुन्हा कामावर रुजू होतो. फर्मवेअरने आरंभी जी चिठ्ठी लिहिली होती तशीच ही दुसरी, पण तिचा लेखक या वेळी ड्रायव्हर असतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर बदलताना पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, त्यामागे हा व्यवहार असतो.

हस्तांतराच्या वेळी पडदा मुळीच काळा होऊ नये, हा आग्रह आणखी अलीकडचा. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंदमापी मार्गावरील गाडी दारव्हा-मोतीबाग स्थानकावरून जात असे. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेल इंजिन आले. इंजिन बदलावयाचे तर गाडी थांबवावीच लागते, तसे नवा ड्रायव्हर आपली मिती ठरविताना पडद्याकडचा प्रवाह थांबवितो. इंटेलच्या ड्रायव्हराने येथे युक्ती केली : प्रथम कार्डाची चालू स्थिती वाचावयाची, आपल्याला हवी ती मिती तीच असेल तर काहीच बदलावयाचे नाही, आणि फर्मवेअरच्या पट्ट्यावरील चित्रही तसेच राहू द्यावयाचे. २०१९ च्या लिनक्स ५.१ पासून स्कायलेक व पुढील पिढ्यांसाठी हे आपोआप होते. त्यापूर्वी २०१८ च्या ४.१९ मध्ये मजकूर-पडद्यासही आवर घालण्याची सोय झाली होती. काही लिहावयाचे असेल तेव्हाच त्याने पडदा घ्यावा. ही सोय डोळ्यांस सुखद खरी. पण दारव्ह्याच्या यंत्रावर जिवंत आणि मृत पडदा सारखाच दिसला, त्यात मुद्रा न पुसण्याच्या या सौजन्याचाही वाटा असू शकतो, हे नमूद केलेले बरे.

शेवटी मराठी वाचकास जवळचा असा एक मुद्दा. पडदा कोणाच्या ताब्यात आहे यावर त्यावर कोणती लिपी लिहिता येते हेही अवलंबून असते. व्ही.जी.ए.च्या मजकूर-अवस्थेत एका वेळी २५६, फार तर ५१२ आकृत्या बसतात आणि प्रत्येक आकृतीस ठराविक रुंदीचा एकच चौकोन मिळतो. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार वर चढविणे, जोडाक्षरे घडविणे या चौकोनांत साधत नाही. १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त उगम पावलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने, ज्याची स्थापना १९८८ ची, पुढे वाढविलेल्या जिस्ट कार्डाने हा पेच निराळ्याच मार्गाने सोडविला. पी.सी.त बसविलेल्या या जोडकार्डामुळे केवळ इंग्रजी जाणणारे डॉसचे मजकूर-कार्यक्रम न बदलता त्यांच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. संकेतांच्या वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी ठेवण्याची त्याची पद्धती इस्की म्हणून आय.एस. १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात स्थिर झाली. कार्यक्रमास न विचारता पडद्याचा कारभार तिसऱ्यानेच चालविल्याचे हे आपल्याकडील उदाहरण होय.

यूईएफआयमध्ये मजकूर युनिकोडात साठविला जातो, म्हणजे देवनागरी अक्षरांना संकेत आहेत. परंतु तिच्या साध्या फाँटमधील आकृती ८ × १९ किंवा १६ × १९ बिंदूंच्या असतात आणि त्यांची जुळणी करणारी यंत्रणा त्यात नाही. फ्रेमबफर देवनागरी दाखविण्यास तेव्हाही समर्थ असतो. त्यावर लिहिणाऱ्यास ती लिहिता येत नाही. लिनक्सच्या गाभ्याचा स्वतःचा मजकूर-पडदाही या बाबतीत फारसा पुढे नाही. प्रारंभकाळी चालणारा प्लायमथ हा कार्यक्रम पँगो या ग्रंथालयाकरवी अक्षरजुळणी करून घेतो, आणि तो पुढे आल्यावरच, मग पडदा प्रभाऱ्याकडे असो वा कायमच्या ड्रायव्हराकडे, डिस्कचा परवलीचा शब्द मराठीत मागता येतो.